म्हणे, मी बायकोला विष घातलं

माझ्यावर आरोप आला याचं मला एवढं वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की आरोप करणाऱ्याच्या मते मी ते सूपमध्ये घातलं. अहो, कारखान्याच्या कँटीनमध्ये उभी हयात घालवलेला आचारी मी. मीठ जरा जास्त पडलं तर मला दिवसभर चैन पडत नाही, आणि मी सूपमध्ये विष घालणार? चवीची वाट लागली नसती का?

हे मी इन्स्पेक्टरबाईंना अगदी याच शब्दांत सांगितलं. सांगायला नको होतं. पण माझ्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं, ते नेमकं त्या दिवशी कुठून येणार?

पण थांबा, पहिल्यापासून सांगतो. नाहीतर तुम्हीही माझ्या मेहुण्यासारखी मधूनच उडी माराल.

माझी बायको पाट्या रंगवते. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, दारांवरच्या नावांच्या. कँटीन बंद पडली तेव्हापासून ती कमावते आणि मी रांधतो. पुढच्या खोलीत तिचे ब्रश आणि डबे, मागच्या खोलीत माझी पातेली. मध्ये जाड पडदा, कारण मी कांदा परतला की तिला ठसका लागतो आणि तिच्या टर्पेंटाइनने माझं डोकं चढतं. एरवी आमचं उत्तम चाललं होतं. मध्यंतरी एक जुनाट रंगाचं दुकान बंद होत होतं, तिथून मी तिला पांढऱ्या रंगाचे डबे उचलून आणून दिले होते. हल्लीचा पांढरा म्हणजे नुसतं पाणी, ही तिची कायमची तक्रार. ते डबे उघडून तिने असा आनंद केला की माझ्या दोन्ही गालांवर पांढरे पंजे उमटले. लग्नातसुद्धा ती माझ्यावर एवढी खूश नव्हती.

मग थंडीत एके दिवशी ती म्हणाली, "अहो, आज सूप लोखंडासारखं लागतंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी पातेलं बदललं. "आजही लोखंडच." मीठ बदललं, भाजीवाला बदलला, चमचे उकळून काढले. लोखंड काही जाईना. वर तिच्या पोटात कळा यायला लागल्या, तोंडावरचं तेज उतरलं, जेवण नको म्हणायला लागली. आता आचाऱ्याच्या घरात माणूस जेवण नको म्हणतं म्हणजे काय? मी चमचा घेऊन तिच्यासमोर बसायचो. माझ्यासाठी एक, तुझ्या भावासाठी एक, असं करत वाटी संपवूनच उठायचो. तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मला वाटायचं, प्रेमाने येतंय.

त्यातच तिचा थोरला भाऊ राहायला आला. मी त्याला मनातल्या मनात पंचनामा म्हणतो. ह्याच्या घरात एक बटण हरवलं तर हा माणसांना ओळीत उभं करून प्रश्न विचारतो. त्याने दारातून काय पाहिलं? त्याची बहीण मान फिरवतेय आणि मी "गप गिळ" म्हणून चमचा पुढे करतोय. बरं, हे मी लाडाने म्हणतो. सगळ्यांनाच म्हणतो, कँटीनमध्ये मॅनेजरलाही म्हणायचो.

"भावोजी, तुम्ही नाही बसत हिच्याबरोबर जेवायला?" त्याने विचारलं.

"मी? छे."

आता ही आमच्या धंद्यातली गोष्ट आहे, ती बाहेरच्याला कळत नाही. जन्मभर मोठ्या पातेल्यांवर वाकलेला आचारी स्वतःचं रांधलेलं जेवत नाही. वासानेच पोट भरतं. तळहातावर एक थेंब घेऊन चाटला की झालं, मग आपला पाव आणि उकडलेलं अंडं. पण पंचनामाने बहिणीकडे पाहिलं, सूपकडे पाहिलं, माझ्या अंड्याकडे पाहिलं, आणि सुतावरून स्वर्ग गाठला. पुढचा आठवडाभर तो तिच्या कानाशी लागलेला असायचा. मी पडदा सारला की दोघं हवापाण्यावर बोलायची.

आणि मग त्याला विम्याचं कळलं. त्या विम्याचीही कथा ऐका. कँटीनमध्ये एक एजंट रोज जेवायला यायचा. मी ढवळत असताना हा शेजारी उभा राहून माझ्या मरणाविषयी बोलायचा. शेवटी वैतागून मी हो म्हटलं, तर माझं ब्लडप्रेशर बघून त्याच्याच कंपनीने मला नकार दिला. गडी हरेल कसला! त्याने तोच विमा बायकोच्या नावावर करून माझ्या गळ्यात मारला. मी एका हाताने डाव फिरवत दुसऱ्या हाताने सही केली. पंचनामाला मात्र एवढंच कळलं की बहीण मेली की भावोजी मालामाल.

एका सकाळी बायको कळांनी दुमडली, तिला हॉस्पिटलात न्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले, रक्तात शिसं सापडलंय. शिसं म्हणजे विषच. संध्याकाळी इन्स्पेक्टरबाई माझ्या स्वयंपाकघरात हजर. मागे हाताची घडी घालून पंचनामा.

"स्वयंपाक कोण करतं?"

"मी."

"दुसरं कुणी हात लावतं?"

"माझ्या स्वयंपाकघरात? कुणाची हिंमत आहे!"

"आणि तुम्ही तेच जेवता?"

"तोंडातसुद्धा घालत नाही."

बाईंनी मान वर केली. "त्या नको म्हणाल्या तर?"

"मग मी सोडतो थोडाच! वाटी रिकामी झाल्याशिवाय उठू देत नाही."

"विम्याचे पैसे कुणाला मिळणार?"

"मलाच. तिला मिळून काय उपयोग? ती तर मेलेली असणार ना!"

पंचनामाने डोळे मिटून घेतले. समाधानाने. माझ्या लक्षात येईपर्यंत बाईंचा शिपाई माझी पातेली पोत्यात भरत होता. तपासायला नेतो म्हणाला. शेगडीवर सूप उकळत होतं, त्याच्या वासाने बाईंच्या पोटातून मोठा आवाज आला, पण पुराव्याला तोंड कसं लावणार? तेही बरणीत भरून सील झालं. अहवाल येईपर्यंत गाव सोडायचं नाही, असं मला बजावलं. पातेली नसलेला आचारी कुठे जाणार होता? मी चहाच्या किटलीत अंडी उकडून खाल्ली.

खरा घाव पुढेच बसला. हॉस्पिटलात माझी बायको बरी व्हायला लागली. तिथलं ते गढूळ पाणी, ज्याला ते लोक सूप म्हणतात, ते पिऊन तिच्या कळा थांबल्या. गालांवर रंग आला. चक्क भूक लागायला लागली! माझं जेवण बंद झालं आणि बाई खडखडीत! पंचनामा ज्याला त्याला हे सांगत सुटला. गल्लीतले लोक मला पाहून पिशव्या जवळ ओढायला लागले, जसा काही मी त्यांच्या पावात काही टाकणार होतो.

तुरुंगाची भीती वाटत नव्हती असं म्हणणार नाही. माझी पाचावर धारण बसली होती. पण जीव टांगणीला लागला होता तो निराळ्याच गोष्टीसाठी. हिला काय वाटतं? जग गेलं खड्ड्यात, पंचनामा गेला त्याच्याही खाली. पण ही? हिला वाटत असेल का, की मी असं करीन?

मला भेटायला थोडा वेळ सोडायचे, रिकाम्या हातांनी. पंचनामा पलंगाशी पहारा देत बसलेला. मी म्हटलं, "कशी आहेस?"

"बरी आहे. तुम्ही जेवलात?"

घरी येऊन मी त्या "जेवलात"चा कीस पाडला. काळजीने विचारलं? की टोमणा होता? की जेवण हा शब्द काढून ती माझा चेहरा बघत होती? पुढच्या भेटीत मी सरळच विचारलं, "तुला काय वाटतं गं?" तर तिने खिडकीकडे तोंड फिरवलं आणि म्हणाली, "दादा बसलाय." बस्स. त्या दिवशी मी परतताना रस्त्याच्या कडेला बसून रडलो. पन्नाशी उलटलेला, धिप्पाड गडी, भर दुपारी.

पातेल्यांचा आणि त्या बरणीतल्या सूपचा अहवाल आला. काही सापडलं नाही. पंचनामा म्हणाला, "धुतली असणार." मी म्हटलं, "मग काय न धुता ठेवू?" इन्स्पेक्टरबाईंनी दोघांनाही गप्प बसवलं.

इकडे बायकोला वॉर्डात बसून कंटाळा आला. हात शिवशिवणारी बाई ती. पलंगांवरचे नंबर पुसट झाले होते, ते तिला बघवेनात. सिस्टरना म्हणाली, मी रंगवून देते. सिस्टर खूश. पंचनामा घरी येऊन तिचा रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन गेला. जाताना मला म्हणाला, "हात लावू नका."

ती मजेत एकेक पलंग रंगवत निघाली. थोड्याच दिवसांत पुन्हा कळा. आणि ती सिस्टरना म्हणाली, "आज तुमचं सूप लोखंडासारखं लागतंय."

हे ऐकलं तेव्हा मी टाळी वाजवली. बायको पोट धरून पडलेली आणि मी टाळी वाजवतोय, हे बरं दिसलं नाही, कबूल. पण त्यांचं सूप! त्यांचं सूपसुद्धा!

वॉर्डात आम्ही सगळे जमलो, डॉक्टरसुद्धा, आणि इन्स्पेक्टरबाई आल्या. त्यांनी विचारलं, यांना बाहेरून काही आणून कोण देत होतं? सिस्टरनी पंचनामाकडे बोट दाखवलं. अहाहा! त्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालेलं पाहायला मी पुन्हा किटलीत अंडी उकडून राहीन. "मी? मी सख्खा भाऊ आहे! मी फक्त रंग आणला!" असं तो ओरडायला लागला.

आणि तेवढ्यात डॉक्टर ओरडले, "अहो बाई, हे काय करताय?"

आम्ही सगळे वळलो. बायको पलंगावर उठून बसली होती. आमच्या भांडणाचा तिला वीट आला होता, म्हणून शेजारच्या पलंगाचा अर्धा राहिलेला आठ पुरा करायला तिने ब्रश घेतला होता. डब्यात बुडवला, एक रेघ मारली, ब्रशचे केस पसरले म्हणून तो ओठांत धरून त्याला टोक काढलं, पुन्हा बुडवला.

"टोक काढतेय," ती म्हणाली. "टोकाशिवाय आठ कसा वळणार?"

डॉक्टरांनी डबा उचलून लेबल वाचलं. जुन्या पांढऱ्यात शिसं असतं, म्हणाले. म्हणूनच तो असा दाट बसतो, आणि म्हणूनच हल्ली कुणी करत नाही. ही बाई घरी दिवसभर ते चाटत बसली होती आणि माझ्या सूपला नावं ठेवत होती. मी तिला लग्नापासून तसं टोक काढताना पाहिलंय. कधी लक्षातच आलं नाही. आपल्या माणसाची पापणी किती वेळा लवते ते आपण कुठे मोजतो?

मी छाती पुढे काढून म्हटलं, "बघितलंत?"

इन्स्पेक्टरबाईंनी शांतपणे विचारलं, "हे डबे कुणी आणून दिले यांना?"

पुढे काढलेली छाती मी आत घेतली.

"मी," मी म्हणालो.

"म्हणजे शेवटी यांनीच!" पंचनामाला पुन्हा धुगधुगी आली.

"दादा," बायको म्हणाली, "आणि इथे कुणी आणून दिला?"

बाईंनी कपाळावर हात मारला. दोघांनाही धरायचं तर गाडीत जागा नाही, म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या. मग डबा तेवढा जप्त करून गेल्या. डॉक्टरांनी पंचनामाला दंडाला धरून बाहेर नेलं.

पलंगाशी आम्ही दोघंच उरलो. मी तिच्या पायांशी बसलो. आता विचारायला कुणाची आडकाठी नव्हती.

"खरं सांग. तुला वाटलं होतं ना, मी घालतोय म्हणून?"

ती बराच वेळ चादर सारखी करत राहिली. खोटं बोलेल तर शपथ.

"वाटलं होतं," ती म्हणाली. "दादा रोज कानाशी तेच बोलायचा. तुम्ही कधी माझ्या ताटातला घास घ्यायचा नाहीत. मलाही वाटायला लागलं, असेलही."

मग मला एकदम उमगलं. "अगं, पण हॉस्पिटलात येण्याआधीचा आठवडाभर तर दादा तुझे कान भरत होता. तेव्हा तू रोज जेवत होतीस! मी भरवत होतो आणि तू वाटी संपवत होतीस!"

"मग काय करणार? नको म्हटलं की तुमचं तोंड एवढंसं व्हायचं. ते बघवायचं नाही मला."

"विष आहे असं वाटत असताना खाल्लंस?"

"खाल्लं."

"वेडी आहेस का तू? मेली असतीस म्हणजे?"

"तुम्ही एवढ्या हौसेने करून आणलेलं," ती म्हणाली, "टाकून कसं द्यायचं?"

मी तिचे पाय धरले आणि वॉर्डात सगळ्यांसमोर हमसून हमसून रडायला लागलो. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग हळूच दाराकडे बघत माझ्या कानाशी वाकली.

"पुरे आता, अहो," ती म्हणाली. "दादा काचेतून बघतोय. त्याला वाटेल, तुम्ही कबुली दिलीत."