टाकीखालचे कागद

त्याला सगळ्याचीच किळस यायची. मोरीच्या जाळीतला केसांचा गुंता, ताटाला चिकटून राहिलेलं खरकटं, दुसऱ्याने वापरलेला ओला साबण. नुसता विषय निघाला तरी याचं तोंड वाकडं. बायको म्हणायची, "यांना काचेच्या कपाटात ठेवा आणि वरून रोज फडकं मारा." चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा असा माणूस माशांच्या नादी कसा लागला, हे तिला कळत नव्हतं. मासे काचेपलीकडे असतात, एवढंच त्याचं म्हणणं.

तयार टाकी बाजारात मिळत होती, पण भोक याला स्वतःच पाडायचं होतं. तळाच्या काचेला भोक, त्यात नळीचा जोड, आत उभी नळी. जास्तीचं घाण पाणी नळीतून आपोआप खालच्या पिंपात उतरणार, पंप ते गाळून परत वर चढवणार. हात घालायला नको. हिऱ्याच्या धारेचा गोल कटर, काचेवर सतत पाणी आणि श्वास रोखून दाब, असं करत त्याने भोक पाडलं. काच तडकली नाही. कड इतकी सफाईदार निघाली की तो तिच्यावरून पुन्हापुन्हा बोट फिरवत बसला.

त्याचे वडील पाणीपुरवठ्यात फिटर होते. त्यांनी बसवलेला जोड कधी पाझरला नाही, हे घरात सगळ्यांना पाठ होतं, कारण ते रोज सांगत. मुलाच्या हातून आजवर काही धड झालं नाही, हेही रोज सांगत. मुलाचे केस पांढरे झाले तरी त्यात खंड नव्हता. त्यामुळे टाकीबद्दल त्याला एकच गोष्ट हवी होती. बाबांनी वाकून जोड बघावा आणि जमलं म्हणावं.

"वायसर कुठल्या बाजूने लावलास?" बाबांनी विचारलं.

"आतून."

"भर काठोकाठ. आठवडाभर खालून कोरी राहिली तर बोल माझ्याशी."

टाकीला जागा होती ती बोळात, बाबांची खोली आणि संडास यांच्या मधे. त्याने लोखंडी घोडीवर टाकी ठेवली, पाणी भरलं, पंप सुरू केला. पिंपावर पाण्याच्या पातळीशी चिकटपट्टी लावली आणि खाली वर्तमानपत्रं पसरली. पाणी पिंपात पडत राहिलं, त्याची झुळझुळ घरभर ऐकू येई.

सकाळी कागद ओले. पट्टीपाशी बघितलं तर पाणी होतं तिथेच. त्याने जोड आवळला, फरशी पुसली, नवे कागद घातले. दुपारी जेवायला आला तेव्हा पुन्हा ओले.

"म्हटलं नव्हतं?" बाबा दारातून म्हणाले. "गळतेय."

त्याने टाकी उपसली, जोड सोडवला, नवं सिलिकॉन भरलं, वाळू दिलं, पुन्हा भरली. बाबा खुर्ची टाकून बसले होते. मधेमधे "हात हलका नाही तुझा," असं म्हणत होते. दुसऱ्या दिवशी कागद ओलेच.

शेवटी सुट्टीच्या दिवशी तो बॅटरी घेऊन फरशीवर पालथा पडला. थेंब नेमका कुठून येतो ते बघायला मान घोडीखाली घातली आणि गाल कागदावर टेकवला. जोड ठणठणीत कोरडा होता. गाल मात्र ओला झाला. आणि ते ओलं कोमट होतं.

मग वास आला. कुणालाही ओळखू येईल असा वास. ओठाच्या कोपऱ्यालाही काहीतरी लागलं होतं. तो धडपडत उठला, बेसिनवर ओणवा झाला, कोरड्या ओकाऱ्या काढल्या. साबण लावला, धुतलं, परत साबण लावला. गाल लाल झाला तरी वास जाईना. मुताची शिसारी होतीच, पण तिच्याहून मोठी शिसारी त्या खुर्चीची होती. हा माणूस समोर बसून त्याला चांगला जोड सोडवायला लावत होता.

तो तसाच स्वयंपाकघरात गेला. बायकोने एकदा त्याच्या गालाकडे बघितलं.

"कळलं वाटतं."

"तुला माहीत होतं?"

"तुमची टाकी यायच्या आधीपासून पुसतेय. पंप लावल्यावर वाढलं. पाण्याचा आवाज ऐकला की त्यांना धरवत नाही."

"मला सांगायचं नाही?"

"सांगून तुम्ही काय केलं असतं? आत्ता करताय तसं तोंड केलं असतं, आणि त्यांनी ते बघितलं असतं." तिने गॅस बारीक केला. "मी एकदा डॉक्टरांचं नाव काढलं तर दोन दिवस जेवले नाहीत. टाकी आल्यापासून नीट जेवतात. ओलं कशाने झालं, हा प्रश्नच मिटलाय ना."

त्याने पंप बंद केला. बाबांना चार शब्द सुनावायचे म्हणून त्यांच्या खोलीपर्यंत गेला आणि दारातूनच परत आला.

टाकीत मासे काही आले नाहीत. मासे सोडले असते तर चाचणी संपली असती. कोणी विचारलं की तो सांगे, अजून बघतोय. कागद तो बदलायचा, पण चिमट्याने धरून, मान वळवून. बायको हसायची.

मग ताई राहायला आली. त्याची मोठी बहीण, नाक तिखट आणि जीभ त्याहून. बोळात पाऊल टाकलं आणि थबकली.

"हे ओलं कसलं रे? आणि वास कसला येतोय?"

बाबा संडासातून बाहेर येत होते. चौकट धरून तिथेच थांबले. 'गळतेय' हा त्यांचा नेहमीचा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. ताईकडे न बघता ते त्याच्याकडे बघत राहिले. या माणसाने आजवर त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं.

"माझ्याकडून जोड नीट बसला नाही," तो म्हणाला. "पाणी साचून कुजतं खाली."

"तुला कधी काही धड जमलंय का?" ताई हसली.

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," बाबा म्हणाले आणि तेही हसले, जरा जास्तच.

चिमटा हाताशी नव्हता. त्याने उकिडवं बसून ओले कागद नुसत्या हातांनी गोळा केले. बोटांमधून कोमट पाणी ओघळलं, पोटातून उमासा वर आला, तो त्याने गिळला. जोड पक्का आहे हे बाबांना पहिल्या सकाळपासून माहीत होतं. त्यांच्याइतक्या खात्रीने ते दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हतं.

त्याने कोरडे कागद पसरले, कडा नीट जुळवल्या. बाबा कागदांवर पाय न देता, कडेकडेने, भिंतीला हात लावून आपल्या खोलीत गेले.