घासलेली लारी

नव्या घराला जुनी माणसं शोभत नाहीत, असं तोंडाने कुणीच म्हणत नाही. पण नवा सोफा आला की जुनी पेटी माळ्यावर जाते, आणि त्याच ओघात घरातलं एखादं म्हातारं माणूसही आतल्या खोलीत सरकतं. कुणी त्याला ढकललेलं नसतं. सर्वेशच्या घरात हेच झालं. त्याला नावं ठेवण्याआधी वाचकहो, आपणही एकदा आपल्या आतल्या खोलीत डोकावून आलेलं बरं.

सर्वेश रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात, बंदरालगतच्या मच्छीमार वस्तीत वाढला. बाप रघू मासेमारीच्या बोटीवर तांडेल होता, बोट त्याच्या हुकमाने चाले. आई गुणवंती बंदरावरच्या लिलावात मासळी घ्यायची आणि बाजारात बसून विकायची. त्या पैशावर पोरगा शिकला, एका पतसंस्थेत अधिकारी झाला, आणि रघू गेल्यावर आईला घेऊन थिबा पॅलेसच्या बाजूला नव्या फ्लॅटमध्ये राहायला आला. पुढच्या खोलीतून भाट्याची खाडी आणि तिच्यापलीकडे समुद्राची निळी पट्टी दिसे. दुपारच्या धुरकट उन्हात ती पट्टी कधी पाण्याची वाटे, कधी आभाळाची. ती खोली सर्वेश आणि त्याची बायको नम्रता यांची होती. आईची खोली मागे होती आणि तिच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसे.

मुलगा वाईट नव्हता हो. आईची औषधं, चष्मा, गरम पाणी, सगळं वेळच्या वेळी. फक्त एक खोड होती. आई बोलली की तो दुरुस्त करायचा. 'नाय' नव्हे, 'नाही' म्हण. 'व्हतं' नव्हे, 'होतं'. पूर्वी, म्हणजे त्याची शाळकरी लेक, आजीचा एखादा शब्द उचलायची तेव्हा तर तो कपाळाला हात लावायचा. लहानपणी तो स्वतः आईला 'आये' म्हणायचा. पतसंस्थेत लागल्यापासून ती 'आई' झाली होती.

गृहप्रवेशाच्या पूजेला त्याच्या कचेरीतली मंडळी आली. गुणवंती रंगात आली होती. एका दांडग्या व्यापाऱ्याने भर लिलावात तिला बाजूला सारून सुरमईचा ढीग घशात घालायचा घाट घातला होता, तो तिने कसा उधळला, हे ती हातवारे करून सांगू लागली. "त्याला मी म्हटलं, मेल्या, तुजा बापूस आला तरी ह्यो ढीग माजाच हाय!" मंडळी पोट धरधरून हसली. ती गोष्टीला हसली होती. सर्वेशला वाटलं, आईला हसली.

पाहुणे गेल्यावर तो म्हणाला, "आई, आता आपण मिरकरवाड्यात राहत नाही. चार लोकांत नीट बोलता येत नसेल तर गप्प बसत जा."

गुणवंती गप्प बसली, आणि ती त्या दिवसापुरती नाही. विचारलं तेवढ्याला मान हलवायची, जेवण झालं की मागच्या खोलीत जाऊन भिंतीकडे बघत बसायची. नम्रताने एकदा नवऱ्याला सुचवून पाहिलं, की आई हल्ली बोलत नाहीत. वय झालं की माणूस शांत होतं, असं म्हणून त्याने पेपर उघडला. पाऊस उतरला, आभाळ निवळलं, तरी त्या घरातला तो आवाज काही परत आला नाही.

मग एका सकाळी चहा पिताना ती म्हणाली, "मी बुरोंडीला जाणार आहे. धोंडूकडे. आता तिथेच राहीन."

धोंडू हा तिचा धाकटा भाऊ, दापोलीजवळच्या बुरोंडीत राहणारा. सर्वेशच्या मनात आधी काय आलं सांगू? वाक्य किती नीट बोलली, हे! घोट गिळल्यावर मग त्याला त्या वाक्याचा अर्थ कळला. त्याने समजूत घातली, नम्रताने घातली, पूर्वी तर रडली. गुणवंती प्रत्येकाला त्याच नीट भाषेत सांगत राहिली की रविवारच्या दापोली गाडीने ती जाणार आहे. आई का चालली हे सर्वेशला उमगेना. शेवटी त्याने स्वतःच ठरवलं, की त्या भिंतीसमोरच्या खोलीत तिचा जीव रमत नसणार. समुद्र दिसेल असं मोठं घर घ्यायला हवं. पण त्याला पैसा कुठून आणायचा?

त्याच आठवड्यात पेपरात जाहिरात आली. पुण्याची एक लिलाव कंपनी जुनी नाणी, टोकनं आणि नोटा पारखून द्यायला रविवारी रत्नागिरीत येणार होती. चांगल्या वस्तू पुढच्या लिलावाच्या कॅटलॉगात घेतल्या जाणार होत्या. जाहिरातीत चार चित्रं होती आणि त्यातलं एक पाहून सर्वेश जागचा उठलाच. तसली वस्तू त्यांच्या देव्हाऱ्यात होती!

बोटाएवढी, मधोमध दुमडलेली, काळी पडलेली तार. दुरून पाहिली तर मासे धरायचा गळच वाटावा. गुणवंतीची सासू तुळसा हिच्या नवऱ्याच्या जाळ्यात ती कधीकाळी आली होती. घरातले सगळे तिला 'दर्याचा गळ' म्हणत. नारळी पौर्णिमेला देव्हाऱ्यातलं सगळं चिंच-राखेने लखलखीत व्हायचं, पण गळ घासायचा नाही अशी तुळसाची ताकीद होती. दर्याने दिलेलं दर्याच्याच रंगात राहू द्यावं, असं ती म्हणायची. जाहिरातीत मात्र त्या तारेखाली लिहिलं होतं: लारी, चांदीचं जुनं नाणं.

सर्वेश स्वप्नात शिरला. कचेरीत बसल्या बसल्या त्याला उंच छताचं, मऊ उजेडाचं एक सभागृह दिसू लागलं. लोक हात वर करताहेत, आकडा चढतो आहे, लाकडी हातोडा हवेत थांबला आहे. गंमत अशी, की त्या स्वप्नातला आकडा पुकारणारा आवाज बाईचा होता, खणखणीत, मिरकरवाड्याच्या धक्क्यावरून येणारा. तो कुणाचा, हे त्याने स्वप्नातही स्वतःला विचारलं नाही.

शनिवारी संध्याकाळी त्याने लारी देव्हाऱ्यातून काढली. एवढ्या मोठ्या लोकांपुढे असली काळीकुट्ट वस्तू कशी न्यायची? त्याने तिला आधी दात घासायची पेस्ट लावली. तेवढ्याने भागेना, म्हणून भांड्यांची पावडर आणि तारेची घासणी घेतली. बेसिनमध्ये काळं पाणी वाहू लागलं आणि खालून पांढरी चांदी उघडी पडली. तो गुणगुणत घासत होता. गुणवंती दारात येऊन उभी राहिली. तिचा हात वर आला, ओठ हलले. तिने मुलाकडे पाहिलं, हात खाली घेतला आणि ती आत निघून गेली. सर्वेशने ते आरशात पाहिलं होतं. पण त्याच्या मनात तेव्हा चांदी चमकत होती.

रविवारी आधी लिलाव कंपनी जिथे बसणार होती ते सभागृह आणि मग एसटी स्टँड, असा बेत ठरला. गुणवंती आपली कापडी पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसली. पूर्वी तिला चिकटून होती. पारखायला आलेल्या बाईंचं नाव ज्ञानेश्वरी. केस पांढरे, बोलणं शांत. समोर मखमलीचा तुकडा, छोटा तराजू आणि भिंग. सर्वेशने लारी मखमलीवर ठेवली तेव्हा खिडकीतलं ऊन तिच्यावर पडून ती झगमगली.

बाईंनी भिंग डोळ्याला लावलं. लारी उलटसुलट करून पाहिली. मग त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि ही कधी घासलीत, असं विचारलं. सर्वेशने अभिमानाने सांगितलं, कालच.

"लारी खरी आहे," त्या म्हणाल्या. "आदिलशाहीच्या काळातली असावी. अरबस्तानातून, इराणातून गलबतं दाभोळला यायची, तेव्हा किनाऱ्यावर अशा तारांनी व्यवहार चालायचा. या चपट्या भागावर फार्सी अक्षरं ठोकलेली असतात. इथेही होती. त्यांच्या कडा अजून कळतात. पण तुम्ही ती घासून टाकलीत. ओरखडे तेवढे उरलेत."

सर्वेश म्हणाला, अहो, पण काळी होती.

"तो काळा रंग म्हणजे मळ नव्हता. ती तिची राप होती. खाऱ्या हवेत, माणसांच्या हातात शेकडो वर्षं राहिल्याची ती खूण. आम्ही किंमत करतो ती त्या खुणेची. नुसती चांदी सोनाराकडेही मिळते. कॅटलॉगात मी ही घेऊ शकत नाही. घेतलीच तर शेजारी 'घासलेली' असं लिहावं लागेल."

पुन्हा काळी होईल ना, असं त्याने विचारलं. होईल, त्या म्हणाल्या, काळी होईल. अक्षरं परत येणार नाहीत.

उंच छताचं ते सभागृह सर्वेशच्या मनातून विरून गेलं. बाईंनी मात्र लारी परत केली नाही. विकायची नसली तरी हिची हकीकत तरी टिपून ठेवू, म्हणाल्या, आणि ती सापडली कशी, असं विचारलं. सर्वेशला फक्त आजोबांचं जाळं एवढंच ठाऊक होतं. तेव्हा बाई गुणवंतीकडे वळल्या. त्या मूळ पावसच्या, आणि तिथलं बोलणं त्यांच्या ओठांवर अगदी सहज आलं.

"गो बाय, तुला ठावं असंल. सांग की वायच."

सर्वेश चपापला. एवढी शिकलेली बाई, भरल्या सभागृहात अशी बोलते! आणि कुणीही हसलं नव्हतं.

गुणवंतीचा चेहरा क्षणभर उजळला. तिने तोंड उघडलं. आणि मग तिने आधी सर्वेशकडे पाहिलं. शाळेतली पोर उत्तर देण्याआधी बाईंकडे पाहते, तसं. बोलू का, असं विचारणारी ती नजर होती. सत्तरीची बाई, जिच्या आवाजाने धक्क्यावरचे व्यापारी मागे सरायचे, ती पोटच्या पोराकडे बोलायची परवानगी मागत होती!

सर्वेशला ती नजर सोसवेना. त्याने खाली पाहिलं, तर समोर मखमलीवर ती लारी. पांढरी, झगझगीत आणि मुकी.

"काल तू दारात उभी होतीस," तो हळूच म्हणाला. "मला थांबवलं का नाहीस?"

"तू म्हणाला होतास," गुणवंती एकेक शब्द तोलून बोलली, "नीट बोलता येत नसेल तर गप्प बसत जा."

त्या बोलण्यात राग नव्हता, हेच त्याला जास्त लागलं. आई बुरोंडीला का निघाली हे त्याला आत्ता कळलं. समुद्र दिसत नाही म्हणून नव्हे. इतके दिवस तो घासत होता, तिच्या जिभेवरचा एकेक शब्द, आणि वर त्याला वाटत होतं की आपण आईला उजळवतो आहोत. तो तिच्या खुर्चीपाशी खाली बसला. शब्द जड झाले होते. वापरात नव्हते ना.

"आये," तो म्हणाला, "माजा चुकला. तू सांग. तुज्या बोलीतच सांग. मना ऐकायचा हाय."

गुणवंतीने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. पोर थट्टा तर करत नाही ना, याची तिला खात्री करून घ्यायची होती. मग तिने मांडीवरची पिशवी खाली ठेवली आणि पदराने डोळे पुसले.

"तर काय झालंनी," तिने सुरुवात केली, आणि पूर्वी आणखी जवळ सरकली.

मग ती किती वेळ बोलली कोण जाणे. सासऱ्याचं जाळं खाडीच्या तोंडाला अडकलं होतं, वर ओढलं तर त्यात मासळी नव्हतीच, नुसता हा गळ. पोटापुरतीही मासळी नाही म्हणून सासरा धक्क्यावरून तो पुन्हा पाण्यात फेकायला निघाला. तुळसाने त्याचा हात धरला. म्हणाली, दर्यान् काय दिलान त्या परत करू नको, त्याला वायट वाटंल. तेव्हापासून प्रत्येक नारळी पौर्णिमेला बोट निघण्याआधी घरातली बाई तो गळ बोटीवर जाणाऱ्याच्या कपाळाला लावायची. रघूलाही लावला होता. सांगता सांगता तिचा आवाज चढत गेला. शेजारच्या टेबलावरची माणसं नाणी हातात धरून वळली. बंद खोलीत कुणी खिडकी उघडावी तसं सर्वेशला झालं. समोर लाटा होत्या, शिडं होती, आजी त्याच्या आजोबाचा हात धरून उभी होती. हे सगळं इतके दिवस मागच्या खोलीत बसलेलं होतं.

ज्ञानेश्वरीबाईंनी एकही शब्द न बदलता ते लिहून घेतलं. लारी परत देताना त्या सर्वेशला म्हणाल्या, "हिची अक्षरं गेली. आईंची अजून आहेत. सांभाळा."

दापोलीची गाडी केव्हाच सुटली होती. गुणवंती दुसऱ्या दिवशी बुरोंडीला गेली खरी, पण चार दिवसांसाठी, पूर्वीला घेऊन. ती परत आली तेव्हा तिचं अंथरूण पुढच्या खोलीत घातलेलं होतं. मोठं घर घ्यायची गरजच नव्हती, फक्त स्वतः भिंतीसमोर झोपायची तयारी हवी होती. लारी सर्वेशने आईच्या या नव्या खिडकीच्या गजाला बांधली. खाडीवरून खारं वारं येतं आणि चांदी अगदी सावकाश मंदावते आहे.

वाचकहो, वस्तू जुनी झाली की तिची किंमत चढते, हे आपण लिलावात मान्य करतो आणि घरी विसरतो. आपल्या आईबापांची भाषा, त्यांचा धंदा, त्यांच्या हातांचा वास हा मळ नसतो. तो घासायला जाऊ नका. चमक येते, पण अक्षरं जातात, आणि ती पुन्हा ठोकून देणारी टांकसाळ आता कुठे चालू नाही.

परवा कचेरीतली तीच मंडळी पुन्हा जेवायला आली. सुरमईचा विषय निघाला, तसा सर्वेशने आतल्या बाजूला वळून आवाज दिला, "आये, त्या व्यापाऱ्याचा सांग गो ह्यांना." आणि आत माशाची तुकडी ताटांत वाढत असलेली गुणवंती हातातलं पातेलं तिथेच ठेवून, पदर खोचून बैठकीच्या मधोमध येऊन बसली.