शंभर कोटींचा एक

कॉम्प्युटर सांगत होता, माझ्या बहिणीचं रक्त अकरा आहे. त्याला बोलायला मीच शिकवलं होतं. रद्दीतून आणलेल्या पुस्तकावरून शिकून पर्ल नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत स्क्रिप्ट लिहिली होती : पेशंटच्या रिपोर्टच्या फाइली शेवटच्या बदलाच्या वेळेप्रमाणे ओळीने लावायच्या आणि शेवटची, म्हणजे सगळ्यात ताजी, छापायची. पाटोद्याच्या दवाखान्यात मी कॉम्प्युटर बघायचो; तिथं दोन वर्षं ती चुकली नव्हती.

नऊ सप्टेंबर २००१. सकाळचे नऊ. मायाला सिझरला आत नेत होते.

"अकरा आहे. रक्ताची बाटली लागत नाही," डॉक्टर म्हणाले.

आमची आई, मालनबाई, आडवी आली. "तिची पापणी बगा की सायेब. चुन्यावानी पांढरी पडलीय पोरगी."

"मावशी, मशीनला पापणी कळत नाही, रक्त कळतं."

सगळे हसले. मीही हसलो, नालायक. हसतानाच कागदावरची तारीख दिसली. बारा ऑगस्ट! रक्त तर आज सकाळी आठला काढलेलं.

धावत जाऊन फाइलींच्या वेळा बघितल्या. हे यंत्र वेळ म्हणून १९७० पासूनचे सेकंद मोजतं. जुन्या फाइलीवर नव्याण्णव कोटींचा आकडा होता. आज सकाळी सव्वासातला शंभर कोटी भरले होते. आणि माझी स्क्रिप्ट आकड्यांचं लहानमोठं बघत नव्हती, शब्दांसारखे पहिल्या अक्षरावरून लावत होती. शंभर कोटींचा एक आधी, नव्याण्णवचा नऊ नंतर. ताजी फाइल सगळ्यात वर जाऊन बसली होती, आणि शेवटची म्हणून जुनीच छापली गेली होती. उघडली. सहा.

ऑपरेशनच्या दारात छबुबाई आया उभी. "चपला काढ बे!"

"मावशे, सरक! सायेब, थांबा! सहा हाय, सहा!"

"तुझं मशीनच अकरा म्हणालं."

"मशीन न्हाई सायेब, मी गाढव हाय."

डॉक्टरांनी मायाची पापणी खाली ओढली. हातातलं इंजेक्शन ठेवलं. माझे दाजी शहादेव रक्ताच्या बाटलीसाठी जीप घेऊन बीडला पळाले. तीन तास आई मायाच्या उशाशी, घडीघडी पापणी बघत. माझी बघायची हिंमत झाली नाही.

माया वाचली. पोरगी झाली.

पण त्या सकाळी मायाच्या आधी असेच अजून तीन जुने कागद छापले होते. पेशंट ते घेऊन घरी गेलेले. मी त्यांना सांगायला निघालो.

"गप बस," डॉक्टर दबक्या आवाजात म्हणाले. "दवाखान्याचं नाव जाईल."

"नाव जाऊ द्या."

मी रजिस्टर काखोटीला मारलं. पहिलं नाव रुक्मिणीबाई, गाव लिंबागणेश. सायकलचं कुलूप काढलं आणि त्या रस्त्याला लागलो.