चाळीसच्या खालचे आकडे

“झालं का, पंपवाले काका? काँक्रीटची गाडी निघालीय तिकडून,” मुकादमाने तिसऱ्यांदा विचारलं.

“शेवटचा पट्टा राहिलाय,” म्हणत पंपवाल्याने धातू शोधायच्या यंत्राची थाळी पुन्हा जमिनीलगत फिरवली.

इमारतीमागच्या या मोकळ्या जागेत त्याच्या ताईने चार दिवसांपूर्वी कपडे वाळत घालताना रुमाल झटकला आणि त्यात गाठ मारून ठेवलेली दाजींची अंगठी कुठेतरी उडाली. दाजींना जाऊन जेमतेम दोन महिने झाले होते. ताई रात्री ती अंगठी मुठीत धरूनच झोपायची. आणि आता इथे गाड्या लावायला काँक्रीट पडणार होतं.

पंपवाल्याने जन्मभर पंप दुरुस्त केले. निवृत्त झाल्यावर हौसेने हे जुनं यंत्र घेतलं आणि त्याचं कौतुक सांगून सगळ्यांना वीट आणला. यंत्र प्रत्येक धातूला आकडा देतं. चॉकलेटच्या चांद्या, गोळ्यांची पाकिटं, सगळे खालचे आकडे. त्याने स्वतःची अंगठी मातीत ठेवून पाहिली. बावन्न. दाजींची तिच्याच जोडीची, एकाच सोनाराने घडवलेली. मग त्याने चाळीसच्या खालचं काही यंत्राला ऐकूच येणार नाही अशी सोय करून टाकली.

“चांद्या उकरत बसायला मी काय भंगारवाला आहे?” असं वर ताईला ऐकवलंही होतं. दोन दिवसांत दोन किल्ल्या आणि एक बिजागरी मिळाली. अंगठी नाही.

गाडी आली. मुकादम खुर्चीत बसलेल्या ताईकडे गेला. “आजी, काय करू? तुम्ही म्हणाल तर तासभर थांबवतो.”

“नको,” ताई म्हणाली. “माझ्या भावाने इंच न् इंच बघितलाय. इथे असती तर त्याला सापडली असतीच. तुम्ही करा सुरू.”

काँक्रीट धबाधबा पडू लागलं. ताई बराच वेळ बघत राहिली.

“सांधून घ्यायची होती रे,” ती म्हणाली. “दवाखान्यात बोट सुजलं म्हणून कापून काढली होती ना. तू तेव्हा बाहेरगावी होतास.”

मोटारीतला वेढा तुटला की मोटार मुकी होते, हे पंपवाल्याला कुणी शिकवायला नको होतं. कापलेली अंगठी म्हणजे तुटलेला वेढाच, ती बावन्न म्हणणारच नाही. ती चॉकलेटच्या चांदीसारखीच बारीक बोलणार, आणि त्याने नेमका तोच आवाज बंद करून ठेवला होता.

“थांबवा! अहो, थांबवा!”

“काका, आता कसं थांबवणार? अर्ध्याहून जास्त पडलं,” मुकादम कळवळून म्हणाला. “तो कोपरा तेवढा शेवटी करतो. पंधरा मिनिटं घ्या.”

त्याने आकडा शून्यावर आणला. यंत्र पावलापावलाला वाजू लागलं. तो गुडघ्यांवर बसून नखांनी माती उकरत सुटला. चांदी. चांदी. डब्याचं झाकण. पुन्हा चांदी. दर आवाजाला ताई खुर्चीतून अर्धी उठायची आणि पुन्हा बसायची. पंधरा मिनिटं संपली.

“आज बरंच वाजलं रे,” ताई म्हणाली.

“आज ते सगळं ऐकतंय.”

“मग आधी?”

त्याने यंत्र बंद करून बाजूला ठेवलं. ताईने एकदा ओल्या काँक्रीटकडे पाहिलं. कामगाराच्या हातातला पाण्याचा डबा मागून घेतला आणि भावाजवळ येऊन वाकली.

“हात पुढे कर,” ती म्हणाली. “नखातून रक्त येतंय.”