अकराचं उत्तर

ताईच्या एका पत्राचं उत्तर ग्रंथपालांनी दिलंच नव्हतं. पत्र हरवलं नव्हतं की पत्त्याचा घोळ झाला नव्हता. ते आलं, त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं आणि त्यांचा हात जो आखडला तो आखडलाच.

भावंडांचा एक जुना खेळ होता. चारचा आकडा चार वेळा घ्यायचा, एक कमी नाही की जास्त नाही, आणि बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करून सांगितलेली संख्या आणायची. दोन चार शेजारी मांडून चव्वेचाळीस केले तरी चालायचं. ताईने हा खेळ पाचवीत असताना शाळेतून आणला. त्याच वर्षी आईने अंथरूण धरलं आणि घरात कुणीतरी हवं म्हणून ताईची शाळा सुटली. धाकटा शिकत गेला, ताई शिवणयंत्रावर बसली. खेळ पुढे पत्रांतून चालू राहिला, पण त्याचे नियम पाचवीच्या पलीकडे कधी गेले नाहीत.

त्या पत्रात ताईने लिहिलं होतं: "दहा आले. चव्वेचाळिसातून चार काढले आणि चारने भागले. बारापण आले. मधले अकरा काही केल्या येत नाहीत. ते तीन चारांतच होतात, मग चौथा कुठे घालू? घातला की सगळं बिघडतं. मला शाळेत शिकवलंच नाही असं काही गणितात आहे का? असेल तर सांग. तू पुढे शिकलास."

होतं. वर्गमूळ. ग्रंथपालांना ते वाचतावाचताच दिसलं होतं. पण 'हो ताई, आहे, ते मला मिळालं आणि तुला नाही,' हे कोणत्या तोंडाने लिहायचं? आयुष्यभर त्यांनी हजारो पुस्तकं जागच्या जागी लावली. हे एक वाक्य कुठे ठेवावं ते त्यांना कळेना. मग उशीर झाला, आणि पुढे त्या उशिराचीच लाज वाटू लागली.

एके दिवशी भाचीचा फोन आला.

"मामा, आईचे डोळे अधू झालेत. डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस वाचता येणार नाही. ऑपरेशनचाही उपयोग नाही."

"मग... मी येऊ का?"

"या की. पण आधी पत्र टाका. पोस्टमन दिसला की आई विचारते, आमच्या पुस्तकी किड्याचं काही आलं का. थांबा, तिलाच देते."

पलीकडे शिवणयंत्र थांबलं.

"काय रे किड्या, शाई वाळली का तुझी?"

"ताई, मला वाटलं, तुला वाईट वाटेल."

"कशाचं?"

"शाळेचं."

"ते वाटायचं तेव्हा वाटून झालं. पुष्कळ वाटलं. पण मी तुला अकराचं विचारलं होतं. तू शाळेचं उत्तर शोधत बसलास होय?"

"आत्ता सांगू का?"

"कानाने गणित कळत नाही मला. कागदावर लिही. आणि मोठ्या अक्षरात लिही, दिसतंय तोवर."

ग्रंथपालांनी जाड निबेचं पेन काढलं. पहिल्या कागदावर माफीच माफी झाली, तो फाडला. दुसऱ्यावर वर्गमुळाची व्याख्या उतरली. ती वाचून त्यांना स्वतःचाच कंटाळा आला. तिसऱ्यावर त्यांनी लिहिलं:

"ताई, तुझ्या डब्यातली चार बटणं घे. दोन खाली, दोन वर, असा चौकोन मांड. एका बाजूला किती? दोन. म्हणून चारचं वर्गमूळ दोन. नऊ बटणं मांडलीस तर तीन. त्याची खूण अशी: √. आता चारचं वर्गमूळ आणि आणखी एका चारचं वर्गमूळ, दोन्ही मिळून चार. त्याने चव्वेचाळिसाला भाग. अकरा. चारही चार लागले. आता तू तेरा करून पाठव. जुन्या नियमांनी तेही येत नाहीत."

शेवटी 'उशीर झाला' एवढं लिहून त्यांनी सही केली. हे फारच मास्तरी तर झालं नाही ना, अशी शंका आलीच. पण पुन्हा वाचलं तर हेही फाटेल, हे ते ओळखून होते. त्यांनी पाकीट चिकटवलं आणि घरातल्या चपलांवरच बाहेर पडले.

पेटीपाशी त्यांनी पत्ता एकदा बोटाने वाचला. पाकीट आत सोडलं. टपाल काढायला अजून अवकाश होता. ते समोरच्या पायरीवर टेकले, आणि पोस्टमन पेटी रिकामी करून गेल्यावरच घराकडे वळले.