शेवटच्या मामाचा माग

रिसिमातीने हात वर केला. म्हणजे थांब. मी जीप थांबवली. मग त्याने हात खाली केला. त्याचा अर्थ काय, हे बावीस वर्षांत मला कळलेलं नाही.

"डावीकडे की उजवीकडे?"

"गप्प बस. वाचतोय."

आमच्या जीपच्या नाकावर एक लोखंडी खुर्ची ठोकलेली असते. तिच्यावर माग काढणारा बसतो आणि मागे स्टिअरिंगवर माझ्यासारखा पापी माणूस. बावीस वर्षं मी या माणसाची पाठ बघतोय. बायकोचा चेहरा एकवेळ विसरेन, पण याच्या मानेवरच्या तीन सुरकुत्या नाही. एकदा तो त्या खुर्चीवर पेंगत होता, तर एक सिंहीण येऊन शेजारी बसली आणि तिलाही डुलकी लागली. मी दोघांना घेऊन मैलभर जीप चालवली. लोक म्हणतात, फिनियास थापा मारतो. म्हणोत बापडे.

त्या दिवशी मात्र थापांना वेळ नव्हता. सकाळीच कचेरीत त्सकानीने शेवटचं सांगितलं होतं. त्सकानी आमच्याच गावची पोर. शहरात शिकून आली ती आमची साहेबीण होऊनच. तिच्या भिंतीवर जंगलाचा मोठा नकाशा आहे. सिंहांच्या प्रत्येक टोळीचा एक रंगीत दोरा. टोळीची हद्द सरकली की टाचण्या सरकतात, दोरा सरकतो.

लाल दोरा चार भावांचा. टोळीचा माग ज्याला पहिल्यांदा सापडतो, त्याने नाव ठेवायचं, अशी आमची चाल. रिसिमातीने आपल्या आईच्या चार भावांची नावं ठेवली आणि त्या दिवसापासून सिंहांना मामा म्हणायला लागला. जंगल बघायला आलेल्या पाहुण्यांसमोरसुद्धा! सात वर्षं नदीपासून टेकडीपर्यंत सगळं लाल होतं. मग दक्षिणेकडून तीन जवान भाऊ आले. निळा दोरा. एक मामा झुंजीत गेला, दुसऱ्याला रानरेड्याने फाडला, तिसरा कसा गेला कळलंच नाही. आता लाल दोऱ्यात जेमतेम एक जेवणाचं ताट मावलं असतं.

"रिसिमाती बाबा," त्सकानी म्हणाली होती, "दोन महिने झाले. गळ्यातला रेडिओचा पट्टा बंद, फोटो नाही, काही नाही. दोरा काढते मी. आणि रागावू नका, पण तुमचे डोळे... मागे पाहुण्यांना तीन तास तरसामागे फिरवलंत."

"तरस मामाच्या मागावर होतं. मी तरसाच्या."

"बरं. मग आज संध्याकाळपर्यंत मामा दाखवा. दाखवलात तर खुर्ची तुमची. नाहीतर सोमवारपासून फाटकावर."

फाटकावर म्हणजे दांडा वर, दांडा खाली. या माणसाला!

तर तो वाचत होता. गुडघ्यांवर, बोटांनी. डोळ्यांचं त्सकानी खरंच बोलली होती. मामाच्या डाव्या मागच्या पायाचं एक बोट बाहेर वळलेलं होतं, तेवढं तो चाचपून शोधी. बाकी सगळीकडे निळ्यांचे पंजे.

"काल आले आणि झुडूप न् झुडूप मुतून ठेवलंय," तो करवादला.

"तुझ्या मामांनी काय सात वर्षं अत्तर शिंपडलं होतं?"

तो दुपारपर्यंत माझ्याशी बोलला नाही. गार झालेला मक्याचा गोळा आणि तळलेल्या अळ्या खाताना बोलला, तेही बकरीबद्दल. गळ्यात लाल चिंधी बांधलेली त्याची तपकिरी बकरी चार दिवस बेपत्ता होती आणि त्याची बायको शेजारणीच्या झिंज्या उपटायला निघाली होती.

"बकरी मरू दे! सूर्य बघ कुठे आलाय!" मी ओरडलो.

माग अखेर कुंपणाशी गेला. पुराने ओढ्यात कुंपणाखाली भगदाड पाडलं होतं आणि वळलेलं बोट त्यातून सरळ पलीकडे, आमच्या गावच्या रानात उतरलं होतं. मी कपाळावर हात मारला. रिसिमाती सरपटत निघालासुद्धा. मागोमाग मी. माझं पोट अडकलं, ते त्याने ओढून काढलं.

मामा मारुलाच्या झाडाखाली पडला होता. बरगड्या मोजून घ्याव्यात. आमच्याकडे बघितलं, उठला नाही. जबड्यात एकच सुळा. पुढ्यात दोन खुरं आणि लाल चिंधी.

आमच्यात भाच्याने मामाच्या ताटातला घास पळवला तरी मामाने रागवायचं नसतं. उलट हसायचं. रिसिमातीने ती चिंधी ओळखली.

"बकरीच हवी होती तर मागायची, मामा," तो म्हणाला. मग मला म्हणाला, "सात वर्षं यांच्या शिकारीतल्या तंगड्या पळवल्या मी. कधी अंगावर आले नाहीत."

"आले होते! जीप कोणी पळवली?"

"दोनदाच," तो म्हणाला.

मी वायरलेस काढला. "खुर्ची वाचली तुझी. सांगतो त्सकानीला."

त्याने माझ्या मनगटावर हात ठेवला. "कुंपणाबाहेर सापडला की बंदूक येते."

"आणि गावची गुरं?"

"एक बकरी संपवायला चार दिवस लागलेत त्याला. आठवड्याचा सोबती आहे. गुराख्यांना मी सांगतो, इकडे फिरकू नका. आपल्या मरणाने मरू दे."

"आणि तू? फाटकावर सडणार? अरे गाढवा, मामा सापडलाय! तूच शोधलायस!"

"हो," तो म्हणाला. "मीच शोधलाय."

कचेरीत त्याने टोपी काढली. "माग हरवला, पोरी. डोळे गेले माझे."

त्सकानीने लगेच मान डोलावली. डोळे पुसले आणि लाल दोऱ्याच्या टाचण्या एकेक काढल्या. माझा असा संताप झाला! जन्मभर मी थापा मारतोय, कष्टाने, रंगवून. एकीवर कुणाचा विश्वास बसला नाही. हा माणूस आयुष्यात एकदाच खोटं बोलला, तेही सहा शब्द, आणि खपलं.

सोमवारी सकाळी मी जीप घेऊन फाटकाशी आलो. तो रस्त्यावरच्या वाळूत गुडघ्यांवर बसला होता, बोटं वाळूत.

"दांडा उघड! उशीर होतोय!"

"गप्प बस. वाचतोय."

त्सकानीची गाडी गावाकडून येताना दिसली तसा तो उठला, एक पालेदार फांदी घेतली, वाळू झाडून सपाट केली आणि दांडा वर करून तिला सलाम ठोकला.

असं आठ दिवस. रोज वळलेल्या बोटाचा पंजा, रोज फांदी.

नवव्या दिवशी वाळू कोरी होती. त्याने तरी फांदी घेतली आणि सगळी जागा नेहमीसारखी सावकाश झाडली. मागे गाड्या खोळंबल्या होत्या. मी हॉर्न वाजवला नाही.

मग त्याने दांडा वर केला.