डाव्या डोळ्यामागे

…पाकिटातल्या एका गोळीवरचा फुगवटा जरासा दबलेला होता, बाकीचे सगळे टणक, कुणी हातही न लावल्यासारखे. तो आपल्याच अंगठ्याने दबला हे सम्राटला ठाऊक होतं. मागच्या बाजूची चांदी फाटली नव्हती, फक्त तिच्यावर एक बारीक सुरकुती उमटली होती, आणि सकाळच्या उजेडात तो त्या सुरकुतीकडे बघत बसला होता, एखाद्या पतंगाच्या पंखावरची शीर बघावी तसा — उगम कुठे, फुटते कुठे… अंगठ्याने एवढा जोर लावला होता. आणखी थोडा लावायचा राहिला होता.

"चहा," वृषाली म्हणाली.

कप ठेवताना तिने गोळ्यांच्या पाकिटाकडे पाहिलं नाही. नगरहून औषध आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने विचारलं होतं, घेतली का. नंतरही एकदोनदा विचारलं. आता ती विचारत नव्हती, आणि तिचं न विचारणं घरभर पसरलं होतं, भांड्यांच्या आवाजात, शाळेत शिकवायला जाण्यापूर्वी पदर पिनेने अडकवण्यात.

"आबा आले नाहीत अजून," ती म्हणाली.

"येतील. पाथर्डीला गहिनीनाथकाकांकडे राहीन म्हणाले होते."

आबा — त्याचे वडील, रंभाजी — काल सकाळी पिशवी घेऊन निघाले होते. साखर कारखान्यात त्यांच्याबरोबर बॉयलरवर काम केलेला मित्र, त्याला भेटायला. एवढ्या उन्हात अचानक कशाला, असं सम्राटने विचारलं नव्हतं. त्याला बरंच वाटलं होतं. निदान एक दिवस आबांना ऐकावं लागणार नाही.

ऐकावं… हो, कारण दुखण्याला आवाज होता. दुखतं एका माणसाचं आणि ऐकावं लागतं सगळ्या घराला.

पहिल्याच भेटीत नगरच्या डॉक्टरांनी त्याचं बोलणं मध्येच तोडलं होतं आणि पुढचं स्वतःच सांगितलं होतं. डाव्याच डोळ्यामागे, बरोबर? त्याच डोळ्यातून पाणी, त्याच बाजूचं नाक वाहतं, पापणी खाली येते. आडवं पडवत नाही, फिरावं लागतं. रोज, आणि साधारण ठरल्या वेळेला. सम्राट त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला होता. इतक्या वर्षांत कुणी पहिल्यांदा त्याच्या आत येऊन गेल्यासारखं बोलत होतं. त्याआधी सायनस म्हणून नाक धुऊन झालं होतं, चष्म्याचे नंबर बदलून झाले होते, श्रीरामपूरच्या एका दंतवैद्याने वरच्या दोन चांगल्या दाढा काढल्या होत्या — आणि त्याने काढू दिल्या होत्या! दुखणं जाणार असेल तर त्याने सगळे दात दिले असते.

काहींचं हे दुखणं मधूनमधून महिनोन् महिने थांबतं, डॉक्टर या खेपेला म्हणाले, तुमचं थांबत नाही. त्यांनी आधी दिलेल्या गोळ्यांनी ते थांबलं होतं, पण तोंड सुजून भोपळ्यासारखं झालं, आणि त्या बंद केल्या तसं ते परत आलं, जरा जास्तच ताकदीने, सुट्टीवरून आलेल्या माणसासारखं. आता हे नवीन. लिथियम. हे दुखणं थांबवणारं नव्हे, येऊच न देणारं. रक्त वेळोवेळी तपासायचं, पाणी भरपूर प्यायचं, मीठ एकदम तोडायचं नाही. गुण येतोच असं नाही. पुष्कळांना येतो.

"आणि त्रास?" वृषालीने विचारलं होतं.

"तहान लागते. हात थोडे कापतात. सगळ्यांचेच कापतात असं नाही. काय करता आपण?"

"चित्रं काढतो," सम्राट म्हणाला.

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. "मग तुम्हीच विचार करा," ते हळूच म्हणाले. खाली औषधाच्या दुकानातल्या माणसाने चिठ्ठी वाचली, मग सम्राटकडे पाहिलं आणि वृषालीला विचारलं, "पेशंट कोण?" तो तिथे उभा असताना. वेड लागलेल्यांनाही हेच औषध देतात, हे त्याला त्या एका नजरेतूनच कळलं. विचार करा… पण विचार करायला जे डोकं लागतं त्यातच तर ते दुखणं येऊन बसलं होतं.

कृषी विद्यापीठात, कीटकशास्त्र विभागात, खिडकीशी त्याचं टेबल होतं. शेतकऱ्यांना वाटायच्या पुस्तिकांसाठी तो किडींची चित्रं काढायचा. सध्या डाळिंब पोखरणारी अळी आणि तिचं फुलपाखरू चाललं होतं. भिंगाखाली ते फुलपाखरू, टाचणीवर, आणि त्याच्या मागच्या पंखाला असलेली ती केसाएवढी शेपटी. फोटो निघतात, साहेब म्हणायचे, पण फोटोत सगळंच सारखं दिसतं. काय बघायचं ते चित्र सांगतं. ही शेपटी एका दमात काढावी लागे. श्वास धरून, मनगट टेकवून… त्या वेळी तो कुणीच नसायचा. सम्राट रंभाजी नाही, कुणाचा नवरा नाही, दुखणं असलेला माणूसही नाही. फक्त एक रेघ, पुढे जाणारी.

त्याने रद्दीतला एक कागद ओढला आणि मुद्दाम हात थरथरवला. कापऱ्या हाताने शेपटी काढून पाहिली. हात थरथरवायला जोर लागत होता, आणि जी रेघ आली ती वाईट नव्हती, नुसती खोटी होती, कारण खरं कापणं आपल्याला विचारून येणार नाही. हे काय मोजतो आहे मी? रोज दुपारी मला जनावर करणारं दुखणं एका पारड्यात, आणि दुसऱ्यात एका फुलपाखराची शेपटी. कुणीही हसेल. वृषाली हसणार नाही — ती म्हणेल, हात जरा कापले तर कापले, तुम्ही तर राहाल! पण राहील तो कोण असेल?… त्याने कागद चुरगळला.

जेवणाच्या सुट्टीनंतर तो उठला. साहेबांनी समजून घेतलं होतं, म्हणजे विचारणं सोडलं होतं. दुखणं घरीच आलेलं बरं. विभागात एकदा आलं होतं; तो नमुन्यांच्या खोलीत जाऊन बसला होता, डांबरगोळ्यांच्या वासात, आणि बाहेर आला तेव्हा शिपाई गोरक्षनाथ नुसता पाण्याचा पेला घेऊन उभा होता, मान खाली घालून.

तो घरी पोचला तेव्हा वृषाली शाळेतून आली होती. तिने शेजारच्या बाजूची खिडकी लावली आणि रेडिओ मोठा केला. हे दोघांचं न बोलता ठरलेलं होतं. गेल्या महिन्यात शेजारच्या रतनबाई दारात येऊन आबांना म्हणाल्या होत्या, "अंगात काईतरी शिरलंय लेकराच्या. मढीला न्या, नाथाच्या गडावर." आणि आबा, जे कुणाला कधी मोठ्याने बोलत नाहीत, त्यांनी त्यांना दारातून घालवलं होतं. "माझ्या घरात आसलं बोलायचं न्हाई. आमी त्ये कवाच सोडलं." मग आत येऊन ते बराच वेळ खाटेवर बसून राहिले होते, बाबासाहेबांच्या तसबिरीकडे पाठ करून.

आधी नाकपुडी भरते. मग कपाळाच्या डाव्या बाजूला नुसती एक चाहूल. अजून काही नसतं, आणि तरी सगळं ठरलेलं असतं. मग ते येतं. डोळ्याच्या मागे जागा नसते, तिथे हाड आहे, आणि तरी कुणीतरी तिथे जागा करायला लागतं, घाई न करता, सगळा दिवस आपलाच आहे अशा रीतीने… तो दारापासून भिंतीपर्यंत चालत होता, भिंतीपासून दारापर्यंत, बसत होता, उठत होता, तळहाताने डोळा आत दाबत होता, आणि मग कपाळ चौकटीवर — एकदा, पुन्हा — कारण ते दुखणं निदान त्याने केलेलं होतं, त्याच्या हातातलं. कोणीतरी कण्हत होतं. गोठ्यातून यावा तसा आवाज. थांबवा रे त्याला… मग कळलं. मीच. मी नाही, मी आहे, मी कुठे आहे —

आणि मग ते गेलं. नेहमीसारखं, उगवलं त्याहूनही लवकर. ते गेल्यावर जी शांतता येते ती इतकी गोड असते की तिची लाज वाटते. तो जमिनीवर बसला होता. वृषालीने ओलं फडकं त्याच्या कपाळाला लावलं, रेडिओ बंद केला आणि म्हणाली, "आबा आलेत. बाहेर बसलेत."

आबा ओट्यावर बसले होते. पायात चपला तशाच, मांडीवर पिशवी.

"कधी आलात?"

"मघाशी. तुझं चालू हुतं तवा."

"आत नाही आलात?"

"येऊन काय करू?"

तो शेजारी बसला. ऊन अजून ओट्याच्या कडेला होतं. "गहिनीनाथकाका बरे आहेत?"

"बरा हाय. रातीला त्याच्याकडं झोपलो." आबांनी पिशवी खाली ठेवली. "सकाळी मढीला गेल्तो."

सम्राटला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. दुखणं गेल्यावर कान कधी कधी भरून येतात. "कुठे?"

"गडावर. नारळ घेतला. रांगेत हुबा ऱ्हायलो." ते उन्हाकडे बघत बोलत होते. "नारळ कसा धरत्यात त्ये बी इसरलो हुतो. शेजारच्याचं बघून धरला."

छप्पन साली बौद्ध धम्म घेतल्यावर आबांनी घरातले देव पोत्यात घालून मुळा नदीत सोडले होते, आजीने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं — ह्या गोष्टीवर तो वाढला होता. त्याचं नावसुद्धा त्याच गोष्टीतून, सम्राट अशोकावरून, आलं होतं.

"म्होरं एक पोरगी हुती," आबा म्हणाले. "तुझ्यावानीच. डोस्कं धरून भिताडावर आपटीत हुती. लोक म्हनत हुते, आंगातलं आता बोलंल. मी बघितलं. एकाच डोळ्यातनं पानी येत हुतं, सम्राट. एकाच."

"मग?"

"मग तिच्या आईला म्हनलं, बाई, नगरला एक डाक्टर हाय, माझ्या पोराचं आसंच हाय, त्यानं वळखलं. त्याचं नाव सांगितलं. ती माझ्या हातातल्या नारळाकडं बघाय लागली. म्हनली, बाबा, मग तुमी हितं कशापायी आलाय?"

आत वृषालीने भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"नारळ तिलाच दिला आन् रांगेतनं भायेर आलो."

"म्हणजे अंगारा वगैरे…"

"न्हाई घेतला." आबांनी आता पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या कपाळाकडे, चौकटीने उमटवलेल्या लाल पट्ट्याकडे. "घ्यायला पायजे हुता का रं?"

त्याला राग यायला हवा होता. त्याने राग शोधून पाहिला, पण तो जागेवर नव्हता. हा माणूस त्याच्यासाठी आपलं सगळं आयुष्य उलटं चालून गेला होता, आणि शेवटच्या पावलाशी थांबला होता, आणि आता विचारत होता की थांबलो हे चुकलं का.

"इस्वास न्हाई माझा," आबा म्हणाले. "तवाबी नव्हता, आत्ताबी न्हाई. पर भ्या वाटलं. आत गेलो आसतो आन् तरीबी तुझं ऱ्हायलं आसतं, तर? मग कुठं जायाचं? मग काय ऱ्हातंय माझ्याकडं?"

सम्राटच्या आत काहीतरी जागच्या जागी सरकलं. हात, रेघ, फुलपाखराची शेपटी — ते खोटं नव्हतं, अजूनही नव्हतं. पण त्याच्या मागे आणखी काहीतरी उभं होतं, इतके दिवस, तोंड न दाखवता. हे औषध पुष्कळांना लागू पडतं. आणि आपल्याला नाही पडलं तर? जोवर घेतलेलं नाही तोवर एक दार नुसतं लोटलेलं आहे, बंद नाही… मी नुसता हात वाचवत नव्हतो. मी ते दार वाचवत होतो. आणि दार वाचवता वाचवता रोज दुपारी चौकटीवर डोकं आपटत होतो, आणि ओट्यावर कुणीतरी चपला न काढता बसून ऐकत होतं.

आबा उत्तराची वाट बघत होते. हात गुडघ्यांवर, बोटं पसरलेली, बॉयलरच्या आचेने कातडी जागोजाग गुळगुळीत झालेली.

"मला माहीत नाही, आबा," तो म्हणाला. "मीही त्याच भीतीने अजून गोळी घेतलेली नाही."

हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, वृषालीलासुद्धा नाही. तिला तो नेहमी सांगे, बघतो, विचार करतोय. आता ते तोंडातून गेलं तसं त्याला हलकं वाटलं नाही. भीती होती तेवढीच होती. दोघांत आली म्हणून ती अर्धी झाली नव्हती. पण ती आता डोळ्याच्या मागे नव्हती — समोर होती, ओट्यावर, बापलेकांच्या मध्ये, आणि दोघेही तिच्याकडे बघत होते, आणि उठून आत जावं असं दोघांपैकी कुणालाच वाटत नव्हतं.